मागचे पाटे

आमच्या शोभावहिनी ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून दूध आणतात. ओढ्यातून जाता यावं म्हणून त्यांनी मागच्या स्प्रिंगांत जादा पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या, घालून पिकअप उंच करून घेतली होती; त्याने ती कडक झाली होती. मागे तिच्यातूनच बाळंतपणात अडलेल्या एका बाईला दवाखान्यात नेलं. ती सुखरूप पोचली, पण प्रत्येक खड्ड्यात कळवळली.

म्हणून काल वहिनींच्या सांगण्यावरून मेकॅनिकने मागच्या स्प्रिंगांचा एकेक पाटा काढला. गाडी मागून चार बोटं खाली बसली.

"चालवून बघा," तो म्हणाला.

"तुम्ही चालवा," म्हणत वहिनी मागे हौद्यात आडव्या झाल्या. खडीवरून जाताना डोळे मिटून त्या हादरे अंगावर घेत होत्या. दुसऱ्याच्या वेदनेचं माप असंही घेतात, हे मी त्यांच्या शेजारी बसून बघत होते.

"जमलं?" मेकॅनिकने विचारलं.

"मला चालेल. अडलेल्या बाईला नाही चालणार. अजून थोडी मऊ करा."