चंद्रावर भूकंप होतो, शेवंता

शेवंता काल गेली.

आणि खाली 'मृतात्म्यास शांती लाभो' असलं कुणी लिहिलं तर सरळ ब्लॉक करीन. सांगून ठेवते.

निपाणीच्या शाळेत आम्ही नववीत एका बाकावर. सत्तरचं दशक. माणसं चंद्रावर जाऊन परत आलेली.
माझे वडील कचेरीत क्लार्क. तिची आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर. सुट्टीला शेवंतापण तिथंच, आईच्या हाताखाली.

वखारीतल्या बायका तान्ही पोरं कुठं ठेवणार? आढ्याला लुगड्याची झोळी बांधायची आणि खाली तंबाखू चाळत बसायचं.

एका रविवारी कोयनेकडून भूकंपाचा धक्का आला. कौलं खडखडली, बायका बोंबलत बाहेर. शेवंता उलट आत पळाली. तिचा धाकटा भाऊ झोळीत राहिला होता.
पोरगं गाढ झोपलेलं.

सोमवारी शाळेत हिचं सुरू. "सुमे, टांगलेल्याला हादरा कळंना बघ. मग वर अवकाशात, कशालाच न टेकता तरंगणाऱ्या माणसाला तर कायच कळायचं न्हाय. पन चंद्राला जमीन हाय की गं. तिथं भूकंप होत असंल का?"

मी ऐटीत म्हटलं, "होतो की! काकांकडं येतो त्या पेपरात आलंय. तिथं ठेवलेल्या यंत्रांनी नोंदलाय."
तिनं मला मिठीच मारली.

मग इन्स्पेक्शन आलं. बेळगावहून साहेब यायचे. त्यांना काय विचारायचं ते सर आठ दिवस आधीच पोरांना वाटून द्यायचे. पाठ करायचं, हात वर करायचा, घडाघडा म्हणायचं.
शेवंताला प्रश्न दिलाच नव्हता. तिच्या, बौद्धांच्या गल्लीतल्या कुणालाच देत नसत.

तरी हिनं हात वर केला.
"साहेब, चंद्रावर भूकंप झाला तर वर तरंगणाऱ्या माणसाला कळंल का?"

साहेब हसले. सरांचा चेहरा काळानिळा. "चंद्रावर भूकंप? कुणी सांगितलं गं तुला?"

तिनं माझ्याकडं बघितलं.
मी पुस्तकात बघितलं.

"कुणी न्हाय सर. मीच म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सरांनी तिच्या आईला बोलावून वर्गासमोर ऐकवलं, "वखारीतल्या पोरीला चंद्र कशाला? कामाला लावा तिला."
जूनमध्ये शेवंता दहावीला आलीच नाही.

अहो, भूकंपमापकात टांगलेलं वजनच असतं! सगळं हललं तरी जागेवर राहणारं. ह्या पोरीनं ते झोळीवरून ओळखलं होतं, आणि त्या मेल्याला प्रश्नसुद्धा कळला नव्हता. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आणि मी कोण मोठी लागून गेले? तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निपाणीतच. चंद्राचा धडा आला की तिथल्या भूकंपांचं सांगून भाव खायचे. तिचं घर चार गल्ल्या सोडून.
एकदाही गेले नाही. तोंडच नव्हतं.

तंबाखूच्या धुळीनं तिची छाती खाल्ली. गेल्या महिन्यात दवाखान्यात गेले तर तिला धड दोन शब्द बोलवत नव्हते. तरी हात धरून विचारलंच.
"सुमे, ते पेपरातलं... तू फेकलं हुतंस न्हवं?"
"असं का म्हणतीस गं?"
"तू खाली बघितलंस. मला वाटलं, खोटं असंल."

पन्नास वर्षं बाई हेच धरून बसली होती. मी थाप मारली असं समजून. आणि तरीही माझं नाव तिनं कधी घेतलं नाही.

"न्हाय गं शेवंता. खरं हुतं. होतो तिथं भूकंप."

मग म्हणाली,
"मग तवा बोलायचं की गं."

आज बोलते. सगळ्यांसमोर, नावानिशी.
चंद्रावर भूकंप होतो. शेवंताला ते मी सांगितलं होतं. मी.

जा बाई. जय भीम.