खलनायकाला वर्गबंदी

आमच्या साकोलीकडे दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत मास्तरसुद्धा रात्रभर नाटकात काम करतो आणि सकाळी शाळेत हजर होतो. मी खलनायक करतो. नायक व्हायला पोट आडवं येतं.

त्या वर्षी सातवीतली एक मुलगी रक्ताच्या कॅन्सरवर नागपूरला बरेच महिने उपचार घेऊन वर्गात परतली होती. डॉक्टरांनी शाळेला हो म्हटलं होतं, पण खोकला-तापवाल्यांपासून जपायला बजावलं होतं. आईचा मात्र धीर होईना. "एक बी खोकलणारा आत दिसला, त पोरीले घरी नेईन," असं मुख्याध्यापिका बाईंना सांगून ती रोज व्हरांड्यात ठाण मांडून बसू लागली.

मग सगळी शाळा कामाला लागली. बाईंनी हापशीवर साबण टांगला. खिचडीवाल्या मावशी पोरीचं ताट सगळ्यांत आधी, वाफेसकट वाढू लागल्या. दार वर्गानं सांभाळलं: दोघी पहारेकरी, हातात लाकडी पट्ट्या. ही कल्पना अर्थात माझी. पहारेकऱ्यांची ऐटसुद्धा मीच बसवून दिली.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी दारात पोचलो आणि खोकलो. दोन पट्ट्या आडव्या आल्या.

"सर, तुमाले आत येता येत नाही."

"काहून वं?" मी गरजायला गेलो, मान पिरगळलेल्या कोंबड्यासारखा आवाज निघाला.

"खोकलून राहिले तुमी."

"अवं माय, रातभर नायकाले दम देऊन घसा बसला! आजार नाही काही."

"आजारी माणूस असंच म्हणते," दुसरी म्हणाली.

व्हरांड्यात आई उठून उभी राहिली. मी आत शिरलो असतो, तर पोर घरी गेली असती. मी हरलेल्या राजासारखा मागे सरकत थेट अंगणात उतरलो.

धडा पचनसंस्थेचा. आवाज नव्हता, म्हणून खिडकीसमोर मीच घास झालो. गिळला गेलो, घुसळलो, वळसे घेत पुढे सरकलो. वर्ग खिदळत ओळखत होता. परतल्यापासून कुजबुजत बोलणारी ती पोर एकदम ओरडली, "लहान आतडं! सर, लवकर बाहेर निघा, पुढं मोठं हाय!"

आईनं खिडकीशी येऊन खिदळणाऱ्या पोरीकडे पाहिलं. मग चपला पायात सरकवल्या.

"मी वावरात जातो आता. धान कापाचं हाय. सुट्टीले येतो." आणि जाता जाता पहारेकरणींना म्हणाली, "सरले आत येऊ देऊ नोका, बाई."