बॉनेट न उघडता केलेलं निदान

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या जुन्या डिझेल गाडीचा ब्रेक आठवडाभर कडक लागत होता, दाबायला फार जोर लावावा लागायचा. कोल्हापुरातला गॅरेजवाला बॉनेटसुद्धा न उघडता म्हणाला, "ताई, ब्रेकला काय झालं न्हाय. बायकांच्या पायात जोर कमी असतोय."

आज सकाळी आईला घेऊन पेठ वडगावला निघाले. पुढची उसाची ट्रॉली अचानक थांबली. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, तेव्हा कुठं गाडी हातभर अंतरावर थांबली.

वडगावातल्या सलीमचाचा मेकॅनिकनी बॉनेट उघडलं. ब्रेक हलका दाबला जावा म्हणून त्याला व्हॅक्यूम पोचवणारा रबरी पाइप चिरला होता. "हितनं हवा ओढतोय की," ते म्हणाले.

पाइप बदलला. राग उतरत नाहीये. हीच तक्रार माझ्या भावानं केली असती, तर त्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं असतं की नाही, तुम्हीच सांगा.