नंदाबाईचं डोकं

आंदर मावळातल्या आमच्या गावात हवामान मोबाईलवर बघतात आणि विश्वास नंदाबाईच्या डोक्यावर ठेवतात. तिची अर्धशिशी उठली की पाऊस येणार, हे ठरलेलं. ती कपाळाला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत ओकत पडायची आणि लोक निवांत विळे बाजूला ठेवायचे. तिला घोटभर पाणी द्यायला कुणी फिरकत नसे. अंगभर सोरायसिसचे खवले, म्हणून तिच्या हातचा चहासुद्धा कुणी घेत नसे. मला याचा अजून संताप येतो.

उन्हाळ्यात तिची भाची सारिका तिला पुण्याला घेऊन गेली. तिथं सोरायसिससाठी बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू झाली. दसऱ्यापर्यंत कातडी निवळली.

भात कापणीला आलं तेव्हा आभाळ कुंद होतं. तिचा दीर दत्तोबा चारचौघांना घेऊन दारात आला.

"वैनी, डोकं उठलंय का?"

"न्हाई भाऊजी. लय दिस झालं, उठलंच न्हाई."

"मोबाईल पाऊस दावतोय."

"मंग थांबा की."

थांबतंय कोण! डोकं शांत आहे म्हटल्यावर गावानं कापणी उरकली. नंदाबाईचं खाचरही दत्तोबानंच कापलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगरामागून काळं चढत आलं. कापलेलं भात वाळत पडलेलं, माणसं पेंढ्या उचलत धावत होती. नंदाबाई बांधावर उभी राहून कानशील दाबत होती. आयुष्यात पहिल्यांदा ते दुखावं असं तिला वाटत होतं. ते दुखलं नाही. पाऊस आला आणि निम्मं भात भिजलं.

सारिकानं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, या इंजेक्शनानंतर डोकेदुखी कमी झाल्याचं काही पेशंट सांगतात. कशामुळे, ते खात्रीनं सांगता येत नाही.

गावाला तेवढं पुरलं. पुढच्या इंजेक्शनाच्या दिवशी दत्तोबा एसटीच्या थांब्यावर वाट अडवून उभा राहिला.

"कातडं निवळलंय न्हवं? मंग बंद करा आता. पुढल्या सालाला पाऊस कोन सांगनार?"

नंदाबाई घाबरली होती. तरी बोलली.

"लग्न झाल्यापास्नं डोकं धरून पडतीय, भाऊजी. पाऊस येनार का, येवढंच इचारलं तुमी. मला किती दुखतंय, ते कंदी इचारलं का?"

एसटी आली. दत्तोबा बाजूला झाला. मग खाली बघत म्हणाला, "पानी घेतलंया का संगं?"

"न्हाई."

त्यानं आपली बाटली पुढं केली. तिनं ती सरळ तोंडाला लावली, घोटभर प्याली, आणि मुद्दाम त्याच्याच हातात परत दिली.