कोऱ्या लेटरपॅडवरची सही

मी दोन वेळा आमदार होते. त्याआधी दहा वर्षं जिल्हा परिषदेत. शिक्षण चौथी. निवडणुकीच्या शपथपत्रातही तेवढंच लिहिलं, एक इयत्ता वाढवली नाही.

माहेर लातूरकडचं, सासर नांदेड जिल्ह्यातलं. जिल्हा परिषदेची जागा बाईसाठी राखीव झाली म्हणून मला उभं केलं, नाहीतर आमच्या घरात पुरुषांची काही कमी नव्हती. पहिली दोन वर्षं बैठकीत मालक माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि साहेब लोक त्यांच्याशीच बोलायचे. तिसऱ्या वर्षी मी शिपायाला सांगून ती खुर्ची उचलायला लावली. मालक आठ दिवस बोलले नाहीत. मग बोलले.

विधानसभेला राखीव वगैरे काही नव्हतं. गावोगाव पायी फिरले, पुरुषांना पाडून निवडून आले. त्याचा मला अभिमान आहे आणि या वयात तो झाकून ठेवायचं कारण दिसत नाही.

आमदार सभागृहात बोलतो तेवढंच लोकांना दिसतं. निम्मं काम शिफारसपत्रांचं असतं. कुणाला बदली हवी, कुणाच्या पोरीला वसतिगृहात जागा हवी, कुणाला मोठ्या दवाखान्यात खाट हवी. सकाळी सातपासून ओसरी भरलेली असायची. माझी सही सावकाश. अक्षराला अक्षर जोडून पूर्ण नाव लिहायची सवय, त्यात वेळ जायचा. अधिवेशनाला मुंबईला गेले की लोक खोळंबायचे. म्हणून माझे धाकटे दीर म्हणाले, वहिनी, कोऱ्या लेटरपॅडवर सह्या करून ठेवा, मजकूर आम्ही टाकू, सगळेच आमदार असं करतात. सगळेच करत होते हे खरं आहे. मी कागदांच्या चळतीवर सह्या केल्या आणि गाडीत बसले.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी एका लांबच्या गावाहून टेम्पो भरून बाया आल्या. वीस-बावीस असतील. हार नाही, निवेदन नाही. पुढची म्हातारी माझ्याच वयाची. तिनं पदरात गुंडाळलेली झेरॉक्स काढून माझ्यासमोर धरली.

"माय, हे तुमचंच हाय का बघा."

कागद माझा होता. त्यावर लिहिलं होतं की त्या गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली करावी, आणि ती झालीही होती. खाली माझी सही, शेवटच्या अक्षराच्या वेलांटीसकट. त्या नर्सबाईला मी ओळखत होते. बौद्ध घरातली, एकटी राहायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की गाव तुटायचं, तेव्हा बाळंतपणं तिच्याच हाती. त्या महिन्यात गावात चार बायांचे दिवस भरत आले होते. दोघी तर त्या टेम्पोतच बसून आल्या होत्या.

मी त्यांना चहा दिला आणि दिरांना आत बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही. तिथल्या सरपंचाच्या पुतणीला ती जागा हवी होती आणि सरपंच निवडणुकीत आपल्या बाजूनं येणार होता. निवडणुकीला चार महिने होते. "एका नर्सपायी एक गाव घालवता काय?" ते म्हणाले. मी म्हटलं, ते गाव तर बाहेर ओसरीवर चहा पिऊन राहिलंय. मग त्यांनी दुसरी वाट सांगितली. सही बनावट आहे म्हणायचं आणि पीएवर ढकलायचं. आमचा पीए तहसीलमधून निवृत्त झालेला कारकून. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याचा घाम मला दिसत होता. पोलीस केस झाली असती तर त्याची पेन्शन गेली असती, माझं तिकीट वाचलं असतं.

मी बाहेर आले.

"सही माझीच हाय," मी म्हणाले. "न वाचता केली. चूक माझी."

म्हातारीनं विचारलं, "मग आता?"

"आता वाचून करते."

तिथंच बसून दुसरं पत्र मी माझ्या हातानं लिहिलं. आधीचं पत्र मी कोऱ्या कागदावर सही करून ठेवल्यामुळे गेलं, ते रद्द समजावं, नर्सबाईला त्याच जागी परत आणावं. एवढ्यालाच तास गेला. बाया बसून होत्या. एक म्हणाली, आमच्या पोराची चौथीची परीक्षा याहून लवकर झाली. मी म्हटलं, माझी अजून चालू हाय.

ते पत्र घेऊन मी स्वतः जिल्हा परिषदेत गेले. मोठ्या साहेबांनी वाचलं. मॅडम, हे फाईलला लागलं तर तुमच्याच अंगाशी येईल, कोरी सही वगैरे नका लिहू, म्हणाले. भला माणूस होता. मी म्हटलं, लावा. नर्सबाई नवव्या दिवशी परत आली. चारपैकी तीन बाळंतपणं तिनंच केली, एक तिच्या येण्याआधी झालं. ते मूल जगलं, पण आईचे फार हाल झाले. त्याचा दोष माझ्याकडेच आहे.

साहेब म्हणाले तसंच झालं. पत्र फाईलमधून बाहेर पडलं आणि उमरीच्या बाजारात, मुदखेडच्या स्टेशनवर हातोहात फिरलं. चौथी पास बाई कोऱ्या कागदावर सह्या करते, असं विरोधी उमेदवार प्रत्येक सभेत सांगायचा. मी माझ्या सभेत म्हणायचे, हो, करत होते, आता करत नाही, आता प्रत्येक पत्र मला वाचून दाखवल्याशिवाय सही मिळत नाही, ज्यांना घाई असेल त्यांनी दुसरीकडे जावं. पुष्कळ जण गेलेही. मुंबईहून पक्षाचे फोन आले. तिकीट दोनदा अडलं, तिसऱ्या यादीत आलं.

मी निवडून आले. मतं आधीपेक्षा कमी, पण आले.

निकालानंतर दिरांनी गावनिहाय आकडे आणून माझ्यापुढे ठेवले. त्या गावात मी मागे होते, चांगलीच मागे. सरपंचानं आपलं काम केलं होतं. दीर म्हणाले, "बघा वहिनी, ज्यांच्यासाठी नाक कापून घेतलं त्यांनीच पाडलं तुम्हाला."

वाईट वाटलं. ती मतं मला हवी होती, उगाच साधूपणा कशाला सांगू. टेम्पोतल्या बायांनी तरी मला दिलं असेल असं मनाशी धरते, पण मशीन ते सांगत नाही आणि मी कधी विचारलं नाही.

दिरांना म्हटलं, भाऊजी, पाडलं कुठं, मी आमदार हाय. आकडे घडी करून ठेवा आणि ओसरीवरच्या पहिल्या माणसाला आत पाठवा. पत्र मोठ्यानं वाचायला सांगा त्याला.