थोरल्यांचे वाढलेले केस

न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. एवढी एक अडचण नसती, तर आमच्या घरातल्या दोन भावांनी एकमेकांना हातसुद्धा लावला नसता.

आमचं सलून दोन खुर्च्यांचं. खिडकीकडची थोरल्या भाऊजींची, दाराकडची माझ्या नवऱ्याची. समोर भिंतभर एकच आरसा. त्यात दोघं दिवसभर एकमेकांना बघायचे, आणि बोलायचे मात्र गिऱ्हाइकांमार्फत. "साहेब, त्यांना विचारा, ब्लेडचं पाकीट संपलं का." साहेबांच्या तोंडाला फेस फासलेला, ते काय कपाळ विचारणार! नवा माणूस बुचकळ्यात पडायचा. जुनी गिऱ्हाइकं मात्र मजा घ्यायची आणि पदरचे चार शब्द घालून निरोप पोचवायची.

हे सुरू झालं माझे सासरे गेले तेव्हा. त्यांना दमा होता. दुपारी त्यांच्याजवळ कोणीतरी बसायचं, आणि त्या दिवशी पाळी माझ्या नवऱ्याची होती. मी सिनेमाचा हट्ट धरला. नवं लग्न होतं, धरला हट्ट. भाऊजी म्हणाले, "जा, मी बसतो." आम्ही परत आलो तर सगळं संपलेलं. भाऊजी जरा औषध आणायला गेले होते म्हणे, तेवढ्यात धाप लागली. आणि मग भरल्या घरात, चार पाहुण्यांसमोर, भाऊजी म्हणाले, "पाळी ह्याची होती. हा बायकोला घेऊन सिनेमाला गेला."

एवढंच वाक्य. त्यात माझं नाव नव्हतं, पण मी होते. नवऱ्याने त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. मी बोलत राहिले, जेवणखाण बघत राहिले, आणि एका गोष्टीची वाट बघत राहिले, की कधीतरी हा माणूस ते वाक्य परत घेईल.

भाऊजींनी लग्न केलं नाही. दुकानामागच्या खोलीत एकटे राहायचे. एक कॉट, एक स्टोव्ह, भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची. ती खुर्ची उघडायची वेळ कधी आलीच नाही, कारण येणार कोण? मी डबा पाठवायचे, तो घासूनपुसून परत यायचा. कधी मीच घेऊन गेले तर दारातच घ्यायचे. "आत या" म्हणायची त्यांची सवयच मोडली होती. रेडिओ लावायचे तोही इतका हळू, की त्यांना तरी ऐकू येत होता की नाही, देव जाणे. मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं. दोन्ही एकदम.

फक्त महिन्यातून एकदा, सुट्टीच्या सकाळी, शटर अर्धं वर करून दोघं एकमेकांचे केस कापायचे. आधी धाकट्याने थोरल्याचे, मग थोरल्याने धाकट्याचे, शेवटी दाढी. हनुवटीला बोट लावलं की मान वर, कानाला लावलं की वळायचं. फिटंफाट.

मग भाऊजींचा हात थरथरायला लागला. गिऱ्हाइकं हळूहळू दाराकडच्या खुर्चीकडे सरकली. खिडकीकडची मोकळी राहायला लागली आणि भाऊजी तिच्यात बसून तोच पेपर पुन्हा वाचायला लागले. महिना भरला तेव्हा माझा नवरा नेहमीसारखा त्यांच्यासमोर बसला आणि त्याने मान वर केली. वस्तरा गालावर लागला, चांगला खोल. भाऊजींनी तुरटी दाबून धरली. नवऱ्याने आपला गाल आपणच पुसला. पण त्या दिवशी भाऊजींनी वस्तरा पुसून पेटीत ठेवला तो ठेवलाच.

पुढच्या महिन्यात ते केस कापून घ्यायला बसले नाहीत. आपण कापू शकत नाही, तर कापून घ्यायचे कशाला, हा त्यांचा हिशोब. आणि आमच्या ह्यांचं डोकं तर त्याहून तिरपं. हे दुसऱ्या न्हाव्याकडे जाईनात. दोघांच्याही झिपऱ्या कॉलरवर आल्या. गिऱ्हाइकं विचारायची, "काय हो, तुम्हाला कोणी चांगला न्हावी मिळेना का?"

शेवटी एका सुट्टीला मी ह्यांना म्हटलं, "आज तुम्ही तोंड उघडा, नाहीतर मी कातर घेते आणि दोघांना भादरते." हे उठले. दुकानात भाऊजी पेपर घेऊन बसले होते. ह्यांनी कापड झटकलं.

"दादा, बस नीट."

भाऊजींनी पेपर खाली केला. "मला तुझे कापता येणार नाहीत रे आता."

"कोण मागतंय?"

कातर चालायला लागली. मी दारात उभी होते. भाऊजी आरशाकडे बघत म्हणाले, "मी औषध आणायला गेलो नव्हतो. बाबांच्या शेजारीच होतो. मला झोप लागली."

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं.

"माहीत होतं मला," हे म्हणाले. हात थांबलाही नाही. "त्या दिवशी दार उघडलंस तेव्हा तुझ्या गालावर चटईचे वळ होते."

भाऊजी लहान मुलासारखे रडले. "मग बोलला का नाहीस?"

"तू मोठा. तुझं तू सांगशील म्हटलं."

ह्यांनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. ती दोघांची वेळ होती. तिसऱ्याला तिथे जागा नव्हती, म्हणून मी घरी आले आणि ओट्याशी नुसती उभी राहिले.

माहीत होतं. माझ्या हट्टापायी सासरे गेले म्हणून मी ह्यांच्या शेजारी पडून किती वेळा रडले असेन. हे पाठीवरून हात फिरवायचे, म्हणायचे, "जाऊ दे, झोप आता." आणि ह्यांना माहीत होतं.

जेवताना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

ह्यांनी घास गिळला. "तू दादाला बोलली असतीस."

"बोलले असतेच."

"म्हणून," हे म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या पुढे ओढला.