विदरली हॉलच्या मधमाश्या

“धनी बदलला की मधमाश्यांना सांगावं लागतं, नाहीतर त्या रुसून निघून जातात,” हेस्टर प्रीस एकदा म्हणाली होती.

पबमधली माणसं हसली. “मग हॉल पुढच्या वेळी कुणाच्या घशात जातोय ते त्यांनाच विचार गं हेस्टर,” म्हातारा खाटीक म्हणाला, “आम्हाला कुणी काही सांगत नाही.” हेस्टरने ग्लास संपवला आणि ती घरी गेली.

तिचे वडील विदरली हॉल या जुन्या हवेलीचे माळी. हवेलीचे मालक, म्हातारे सर, वारले त्या हिवाळ्यात ते तिला घेऊन भिंतीआडच्या बागेत गेले. घराच्या किल्लीने त्यांनी मधमाश्यांच्या प्रत्येक पेटीवर टकटक केलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, तुमचा धनी गेला, आता धाकटे सर तुमचे धनी. मग पेट्यांना काळी फीत बांधली.

वडिलांमागून ती किल्ली हेस्टरकडे आली. धाकटे सर युद्धातून परतले नाहीत आणि हॉलमध्ये जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या, हे तिने माश्यांना सांगितलं. पुढे नाचाच्या दालनात मुलींच्या शाळेची बाकं आली, तेही सांगितलं. शाळा बुडाली. खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, आणि धनी म्हणून कुणाचं नाव घ्यावं हेच तिला कळेना. त्या ओसाड वर्षांत ती पेट्यांपाशी बसून स्वतःचंच काहीबाही बोलायची. गुडघा दुखतो. पाव शिळा झाला. आज कुणीच आलं नाही. ऐकायला दुसरं होतं कोण?

मग हॉलचं हॉटेल झालं. व्यवस्थापक ऑल्सॉप सभ्य माणूस होता. चहा पाजून त्याने तिला समजावलं. बागेतलं तिचं घर आता नवविवाहित पाहुण्यांसाठी सजवायचं आहे. तिच्यासाठी गावाच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, खोली बघून ठेवली आहे. मध पाहुण्यांच्या न्याहारीला लागेल.

“म्हणजे माश्या इथंच राहतील,” तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला.

“आणि मी नाही.”

“तुम्ही या ना अधूनमधून, मिस प्रीस. पाहुण्यांना तुमच्या गोष्टी आवडतील.”

निघायच्या सकाळी तो बागेत आला. पेट्यांपासून बराच लांब, हात खिशात घालून उभा राहिला.

“ते तुमचं सांगणं राहिलंय,” तो म्हणाला. “माझं नाव तेवढं कानावर घाला त्यांच्या. नाहीतर जातील हो सगळ्या उडून.”

बोलला हसत, पण हसू ओठांवर टिकलं नाही.

हेस्टर पहिल्या पेटीपाशी वाकली. किल्लीने टकटक केलं. आतली गुणगुण एकदम चढली, मग हळूहळू उतरत अगदी बारीक झाली. त्या ऐकत होत्या. आयुष्यभर तिचं म्हणणं एवढं कान देऊन दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. झाकणावर पडलेलं सफरचंदाचं वाळकं पान तिने बोटाने बाजूला केलं. ऑल्सॉप वाट पाहत होता.

ती सरळ झाली, त्याच्याजवळ आली, किल्ली त्याच्या हातावर ठेवली, आणि एक शब्दही न बोलता बागेच्या दारातून बाहेर पडली.